सैनिकी रायफल कशी वाचावी : महू-इंदूरच्या संग्रहालयांसाठी मार्गदर्शिका

इंदूरकरांना एका गोष्टीची किंमत फारशी जाणवत नाही. महू, म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर, आपल्यापासून तासाभराच्याही अंतरावर नाही आणि तिथे भारतीय पायदळाची शाळा, इन्फन्ट्री स्कूल, आहे. पायदळाचे संग्रहालयही तिथेच आहे. खुद्द इंदुरात बिजासन रस्त्यावर सीमा सुरक्षा दलाची शस्त्रे व रणतंत्र शिकवणारी मध्यवर्ती शाळा आहे आणि तिच्याकडेही शस्त्रांचा मोठा संग्रह आहे. तोड्याच्या बंदुकीपासून आजच्या रायफलीपर्यंतची सगळी वाटचाल एका दिवसात डोळ्यांखालून घालता येईल अशी शहरे देशात थोडी आहेत. तरीही बहुतेक मराठी कुटुंबे अशा दालनातून वीस मिनिटांत बाहेर पडतात, कारण काचेमागे ओळीने लावलेल्या बंदुका पहिल्या नजरेला सारख्याच दिसतात. त्या सारख्या नाहीत हे कसे ओळखावे आणि एका रायफलीतून दुसरी का निघाली हे वस्तूवरूनच कसे वाचावे, ते सांगण्यासाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. मी चाळीस वर्षे यंत्रशाळेत लेथ आणि मिलिंग शिकवले आहे, त्यामुळे माझी नजर घडणीकडे अधिक जाते. वाचकानेही तिकडेच पाहावे, असा माझा आग्रह आहे.

प्रथम ‘सैनिकी रायफल’ म्हणजे काय, हे पक्के करून घ्यावे. पायदळातील साध्या शिपायाला सरकारी भांडारातून जी मिळते ती सैनिकी रायफल. नेमबाज आपली रायफल निवडतो, शिकारी निवडतो. शिपाई निवडत नाही. ती लाखांच्या संख्येने बनवावी लागते, आठवड्याभरात शिकवता यावी लागते, आणि चिखल, धूळ, पाऊस व बर्फ सोसूनही चालावी लागते. यामुळे तिच्या रचनेतील जवळजवळ प्रत्येक खाच, पट्टी आणि खिळा हे कोणाच्या तरी तक्रारीला दिलेले उत्तर असते. संग्रहालयात रायफलीपुढे उभे राहिल्यावर विचारायचा मुख्य प्रश्न एकच असतो: ही वस्तू इथे कोणाच्या तक्रारीमुळे आली?

जाण्यापूर्वी

दोन्ही ठिकाणे लष्करी आणि निमलष्करी आवारात आहेत, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे, प्रवेशाची परवानगी आणि वेळ आधी विचारून घ्यावी, आणि छायाचित्रे काढता येतील की नाही हे दारातच स्पष्ट करून घ्यावे. जिथे मनाई असेल तिथे पेन्सिल आणि वही पुरते. मला तर छायाचित्रापेक्षा हाताने काढलेले रेखाचित्र अधिक शिकवते, कारण काढताना नजर प्रत्येक कडेवर थांबते. एक छोटे भिंग न्यावे. परवानगी असल्याखेरीज कोणत्याही शस्त्राला हात लावू नये, काचेवर भारही देऊ नये.

घरून आणखी एक तयारी करून जावी आणि ती मुलांकडून करवून घ्यावी. जाड पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कापाव्यात: ७८, ७१, ५७ आणि ५६ मिलिमीटर लांबीच्या. या चार पूर्ण काडतुसांच्या लांब्या आहेत. पहिली आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या .३०३ इंच काडतुसाची, दुसरी ७.६२×५१ या नाटो काडतुसाची, तिसरी ५.५६×४५ची आणि चौथी कलाश्निकोव्हच्या ७.६२×३९ची. शेवटच्या दोन लांबीने जवळजवळ सारख्या आहेत, पण ५.५६ची गोळी पेन्सिलीपेक्षाही बारीक असते आणि ७.६२×३९ची जाड, आखूड. पट्ट्यांवर नावे लिहून त्या खिशात ठेवाव्यात. त्यांचा उपयोग लगेच होणार आहे.

रायफलीआधी काडतूस पाहावे

नवखा माणूस बंदुकीच्या आकारावरून सुरुवात करतो. सुरुवात काडतुसापासून करावी, कारण रायफल ही काडतुसाभोवती बांधलेली असते. काडतूस ठरले की नळीचा व्यास, मॅगझिनची म्हणजे गोळ्यांच्या पेटीची रुंदी, बोल्टचा म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचा प्रवास, शिपायाने अंगावर वाहायचे वजन आणि खांद्याला बसणारा धक्का हे सगळे बऱ्याच अंशी ठरून जाते.

ठासणीच्या बंदुकीपासून पाहू. १८५३च्या नमुन्याची एनफील्ड बहुतेक संग्रहांत असते: ३९ इंच लांब नळी, ती दस्त्याला धरून ठेवणाऱ्या तीन लोखंडी पट्ट्या आणि खाली गज. तिच्या .५७७ इंची नळीत सर्पिल चरी, म्हणजे आटे, कोरलेले असतात. आट्यांची नळी त्याआधीही होती, पण तिच्यात गोळी घट्ट ठोकून घालावी लागे आणि रणांगणावर तेवढा वेळ नसे. फ्रान्सच्या मिनिए याच्या कल्पनेवरून आलेली गोळी नळीहून किंचित बारीक, शंकूच्या आकाराची आणि तळाशी पोकळ होती. ती गजाने सहज आत जाई, आणि दारू पेटली की तिची पोकळ कड फुगून आट्यांत घट्ट बसे. आता शिपायांच्या हातात नेम धरून दूरवर मारणारी बंदूक आली. तिचे कागदी काडतूस वंगण लावलेले होते आणि ते दातांनी तोडावे लागे. १८५७ची ठिणगी ज्या चरबीवरून पडली ती याच काडतुसाची. इंदुरात १ जुलै १८५७ला रेसिडेन्सीवर हल्ला झाला, आणि त्याच रात्री महूची पलटण उठली. पण त्या वेळी बहुतेक हिंदी पलटणींच्या हातात अजून जुनी गुळगुळीत नळीची बंदूकच होती, एनफील्ड प्रशिक्षणाच्या ठाण्यांपुरती पोचली होती. संताप ज्या शस्त्राचा होता ते अनेकांनी अजून पाहिलेलेही नव्हते.

येथे भिंगाचा पहिला उपयोग करावा. एनफील्डसारखी दिसणारी एखादी बंदूक मिळाली तर तिच्या नळीच्या तोंडाशी आटे आहेत का ते पाहावे. १८५७ नंतर हिंदी पलटणींना देण्यासाठी तयार केलेल्या काही एनफील्ड नमुन्यांत नळी मुद्दाम गुळगुळीत ठेवली होती आणि मागची मोठी, अंतर दाखवणारी, नेम धरायची खाच काढून साधी स्थिर खाच बसवली होती. बाहेरून तीच बंदूक, आतून एक पिढी मागची. सरकारचा अविश्वास नळीच्या तोंडाशी भिंग धरून वाचता येतो, असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

मार्टिनी-हेन्री १८७१ची. मागच्या बाजूला असलेला तरफेसारखा हात खाली ओढला की आतला ठोकळा खाली जाऊन नळीचे मागचे तोंड उघडते. एक गोळी, एक तरफ. तिच्या सुरुवातीच्या काडतुसाची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती, आणि सुदानच्या वाळूत व उन्हात ती फाटून नळीत अडकत असे. पुढे एकसंध पितळेची ओढीव पुंगळी आली. दोष रायफलीत शोधला जातो आणि तो बरेचदा काडतुसात असतो, हे लक्षात ठेवावे.

१८८०च्या दशकात धूरविरहित दारू आली आणि सगळे हिशेब बदलले. फ्रान्सने १८८६ मध्ये ८ मिलिमीटरची लेबेल रायफल घेतली. जुनी काळी दारू थोडी शक्ती आणि भरपूर धूर देत असे, म्हणून गोळी जाड आणि जड करावी लागे. नव्या दारूमुळे लहान गोळीही खूप वेगाने आणि सपाट मार्गाने जाऊ लागली. ब्रिटनने १८८८ मध्ये .३०३ स्वीकारले, पण पहिल्या काडतुसांत काळीच दारू होती. कॉर्डाइट ही ब्रिटिश धूरविरहित दारू नंतर आली. आणि कॉर्डाइट आल्यावर नवी तक्रार आली. मेटफर्ड याने आखलेले आटे उथळ होते, आणि कॉर्डाइटची उष्णता त्यांना झिजवून टाकी. म्हणून एनफील्डच्या कारखान्यात खोल, पाच चरींचे आटे आखले गेले आणि १८९५ मध्ये ली-मेटफर्ड रायफल ली-एनफील्ड झाली. जेम्स पॅरिस ली हा यंत्रणेचा जनक, एनफील्ड हा आट्यांचा पत्ता. या रायफलीचे आटे डावीकडे वळतात. नळीच्या तोंडाकडे पाहता येत असेल तर ते जरूर पाहावे.

आता बोल्ट

थ्री नॉट थ्रीपुढे जेवढा वेळ देता येईल तेवढा द्यावा, कारण तिच्यात जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आहे. प्रथम तिचा बोल्ट पाहावा, आणि शक्य असेल तर शेजारी जर्मन माउझर आहे का ते शोधावे. दारू पेटली की पुंगळीवर मागे ढकलणारा प्रचंड दाब येतो, आणि बोल्ट त्या दाबाखाली उघडू नये म्हणून त्याच्या अंगावर कड्यासारखे उंचवटे असतात, जे चौकटीच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या, खोबणीत अडकतात. माउझरमध्ये मुख्य उंचवटे बोल्टच्या पुढच्या टोकाला, पुंगळीच्या अगदी मागे आहेत. लीच्या रचनेत ते मागच्या टोकाला आहेत. पुढे पकडलेली पकड अधिक भक्कम, हे यंत्रशाळेतील कोणीही सांगेल, कारण मागे पकडल्यावर बोल्ट आणि चौकट दोन्ही थोडे ताणतात. मग लीने तसे का केले? कारण मागे पकडल्याने बोल्टचा प्रवास आखूड होतो आणि हँडल केवळ साठ अंश उचलावे लागते, नव्वद नाही. शिपाई गाल दस्त्यावरून न उचलता, नेम न मोडता पुढची गोळी भरू शकतो. लीचा बोल्ट पुढे ढकलताना ठोकणीची स्प्रिंग ताणली जाते, जर्मन माउझरची हँडल उचलताना; ढकलण्याची क्रिया घाईत सोपी जाते. पहिल्या महायुद्धापूर्वीचा प्रशिक्षित ब्रिटिश शिपाई तीनशे यार्डांवर मिनिटात पंधरा नेमक्या गोळ्या मारू शके, आणि ती गती या साठ अंशांत आहे. एकाने ताकद निवडली, दुसऱ्याने वेग. दोघेही बरोबर होते.

बोअर युद्धाने, १८९९ ते १९०२, या रायफलीला दुसरा धडा दिला. समोरच्या बोअर शेतकऱ्यांच्या हातात माउझर होती आणि ती पत्र्याच्या पट्टीने पाच गोळ्या एका दमात भरता येत होती, तर ब्रिटिश शिपाई एकेक गोळी मॅगझिनमध्ये ढकलत होता. याचे उत्तर एसएमएलईवर, म्हणजे ‘शॉर्ट’ ली-एनफील्डवर, चौकटीच्या वर दिसते: बोल्टच्या मार्गावर आडवा असलेला छोटा पूल, ज्यात पाच गोळ्यांची पट्टी उभी बसते. दोन पट्ट्या, दहा गोळ्या. आधीच्या लांब रायफलीची नळी तीस इंचांच्या वर होती, घोडदळाची कार्बाइन त्याहून बरीच आखूड; एसएमएलईने २५.२ इंचांची एकच नळी दोघांसाठी ठरवली. मग पायदळातून पुन्हा कुरकूर आली की रायफल आखूड झाल्याने संगिनीची पोच कमी झाली. उत्तर १९०७च्या संगिनीत आहे, तिचे पाते १७ इंचांचे. रायफल आखूड झाली म्हणून संगीन लांबली. दुसऱ्या महायुद्धात भारतात बनलेल्या संगिनींचे पाते पुन्हा बारा इंचांवर आले, आणि दोन्ही शेजारी ठेवलेल्या दिसल्या तर त्यांच्याशी थोडा वेळ घालवावा.

एसएमएलईच्या मार्क-३, म्हणजे तिसऱ्या, नमुन्याच्या रायफलीच्या डाव्या बाजूला, दस्त्यावर, एक छोटा धातूचा काटा असलेली तबकडी दिसली तर ती दुर्मीळ समजावी. ती दूरच्या सामूहिक गोळीबारासाठी होती, २८०० यार्डांपर्यंतच्या अंतरासाठी, जिथे एक माणूस डोळ्यांनी दिसतही नाही. उजव्या बाजूला बोल्टखाली सरकणारी पातळ पट्टी दिसली तर ती मॅगझिन बंद करणारी आहे. वरच्या अधिकाऱ्यांना भीती होती की दहा गोळ्या हातात आल्या तर शिपाई त्या उधळेल, म्हणून पट्टी सरकवून एकेक गोळी भरावी आणि मॅगझिन राखून ठेवावे, अशी सोय. १९१४च्या खंदकांत दोन्ही गोष्टी निरुपयोगी ठरल्या आणि कारखान्याला प्रत्येक मिनिट हवे होते, म्हणून १९१६च्या मार्क-३ तारांकित रायफलीत त्या गळाल्या. जिथे तबकडी आहे आणि जिथे ती असायची तिथे नुसते लाकूड आहे, अशा दोन रायफली शेजारी दिसल्या तर युद्धापूर्वीची आणि युद्धातील विचारसरणी एका हाताच्या अंतरावर दिसते.

काडतुसामुळे रायफल बदलावी लागते, याचे आणखी एक ठळक उदाहरण आहे. १९१० साली .३०३ची गोळी टोकदार आणि हलकी, १७४ ग्रेनची झाली आणि तिचा मार्ग बदलला. जुन्या खाचेने धरलेला नेम आता चुकू लागला. म्हणून १९१४च्या शरदात फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरलेल्या हिंदी पलटणींना आपल्या जुन्या रायफली देऊन नव्या घ्याव्या लागल्या, आणि अनोळखी रायफल घेऊनच ते फ्लँडर्सच्या आघाडीवर गेले.

खुणा कशा वाचाव्यात

ली-एनफील्डचा जन्मदाखला बोल्टच्या हँडलमागे, दस्ता जिथे धातूच्या कड्यात शिरतो तिथे उजव्या बाजूला कोरलेला असतो. मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखान्याचे नाव, साल आणि नमुना. ‘जी आर’ म्हणजे राजा जॉर्ज. भारतातील इशापूरच्या कारखान्यात ‘जी आर आय’, म्हणजे राजा आणि सम्राट दोन्ही, असे लिहिलेले आढळते. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि ‘आर एफ आय’, अर्थात रायफल फॅक्टरी इशापूर, अशी अक्षरे आली. लोखंडावर सत्तांतर इतके स्पष्ट कोरलेले क्वचितच कुठे दिसते.

पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती सजावट समजू नये. त्या रायफलीतून ग्रेनेड उडवले जात, आणि धक्क्याने लाकूड फुटू नये म्हणून ती तार. इशापूरच्या रायफलींच्या लाकडात मॅगझिनच्या पुढे आडवा गेलेला एक जास्तीचा स्क्रू असतो. तोही लाकूड उभे तडकू नये म्हणून. ‘डी पी’ अक्षरे आणि रंगाचा पट्टा असलेली रायफल कवायतीची. ती गोळी झाडत नाही. कॉलेजात एनसीसीच्या परेडला आमच्या खांद्यावर अशाच रायफली असत.

एक चूक, आणि तिच्यातून कळलेली पद्धत

काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात माझी नात माझ्याबरोबर होती. एका रायफलीखालच्या पाटीवर ‘दुसरे महायुद्ध, .३०३’ असे लिहिले होते, आणि मी तिला लगेच सांगून टाकले की हिच्यात दहा गोळ्या मावतात. ती काचेजवळ वाकली आणि म्हणाली, “आबा, पलीकडच्या रायफलीची पेटी खालून तिरकी आहे, हिची चौकोनी आहे. दहाच गोळ्यांना एवढी पेटी कशाला?” मी भिंग काढले. मागची खाच ८०० मीटरपर्यंतच होती, २००० यार्डांपर्यंत नव्हती. कड्यावरची अक्षरे पुसट होती, पण ‘आर एफ आय’ आणि ‘७.६२’ वाचता आले. ती युद्धकाळातील रायफल नव्हतीच, ती इशापूरची २-ए-१ होती. १९६२च्या चीन युद्धानंतर सैन्याला नव्या ७.६२ नाटो काडतुसासाठी रायफली तातडीने हव्या होत्या आणि नवी स्वयंचलित रायफल एवढ्यात पुरेशी बनणार नव्हती; म्हणून ओळखीच्या ली-एनफील्डचीच रचना घेतली, पोलाद अधिक बळकट केले, कारण नव्या काडतुसाचा दाब जास्त होता, आणि बारा गोळ्यांची नवी चौकोनी पेटी बसवली. २-ए या पहिल्या रूपात खाच जुन्या हिशेबाची होती, २-ए-१मध्ये ती ८०० मीटरपर्यंत आणली.

पाटीवर विश्वास ठेवून मी मुलीला चुकीचे सांगितले, याची रुखरुख मला बरेच दिवस होती. त्या दिवसापासून आम्ही पाटी शेवटी वाचतो. आधी काडतूस (पट्टी काचेजवळ धरून मॅगझिनच्या रुंदीशी ताडायची), मग नळी आणि खाच, मग बोल्ट किंवा वायूची यंत्रणा, मग खुणा, आणि सर्वांत शेवटी पाटी. काचेतून अंदाज ढोबळच येतो, पण .३०३ आणि ५.५६ यांतला फरक लपत नाही.

स्वतःहून भरणारी रायफल

पुढे दालनात पिवळसर लाकडाच्या दस्त्याची, खालून पेटी असलेली लांब रायफल असेल तर ती एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल. तिची मूळ रचना बेल्जियमच्या एफएन कारखान्यातील द्यूदोने सैव्ह याची, फाल या नावाची. नाटोने ७.६२×५१ काडतूस १९५४ मध्ये स्वीकारले आणि फाल त्यासाठी जुळवून घेतली गेली. भारतात १९६०च्या दशकात पुण्याच्या पाषाण भागातील एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने वेगवेगळ्या देशांतून आलेले नमुने मोजून आपली आवृत्ती, १-ए-१, आखली आणि ती इशापूरला बनू लागली. मोजून घडवलेली असल्याने तिचे भाग ब्रिटिश किंवा बेल्जियन भागांशी सरसकट अदलाबदल करता येत नाहीत, आणि यंत्रशाळेत काम केलेल्या माणसाला यात एक संपूर्ण पाठ दिसतो: नमुना समोर असला तरी त्याचे मोजमाप आपल्या यंत्रांत आणि आपल्या पोलादात पुन्हा बसवणे हे वेगळे, कष्टाचे काम असते.

तिच्या नळीवर बारीक नलिका आहे. गोळी पुढे निघाली की नळीतील थोडा वायू छोट्या छिद्रातून त्या नलिकेत शिरतो, दट्ट्या मागे ढकलतो, बोल्ट उघडतो, पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंग परत येताना पुढची गोळी भरते. नेम धरायच्या पुढच्या माशीजवळ वायू नियंत्रित करणारे कडे आहे. ते कडे का, हा चांगला प्रश्न. रायफल घाणीने जड झाली तर वायू वाढवता यावा, म्हणून. गोळीबाराची पद्धत निवडायचे बटण बारकाईने पाहावे. ब्रिटिश आणि भारतीय आवृत्तीत एकावेळी एकच गोळी. सलग गोळीबाराची सोय नाही. ७.६२×५१ एवढ्या शक्तिमान काडतुसाने, रिकामी असता चार किलोंहून थोडी जड असलेली रायफल सलग झाडली तर तिसऱ्या गोळीपर्यंत नळी आकाशाकडे पाहू लागते. सोय काढून टाकली, कारण तिचा उपयोग नव्हता.

इन्सास, आणि मधली गोष्ट

या टप्प्यावर वाचकाने एक पाऊल मागे जाऊन काडतुसाचे वजन आठवावे. ७.६२×५१चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, ५.५६×४५चे सुमारे १२. त्याच वजनात शिपाई दुप्पट गोळ्या वाहू शकतो, आणि धक्का कमी. पहिल्या महायुद्धापासूनच्या अनुभवाने असे दिसत होते की पायदळातील बहुतेक गोळीबार तीन-चारशे मीटरच्या आतच होतो, मग २००० यार्डांच्या ताकदीचे ओझे कशासाठी, असा प्रश्न होता. जर्मनीने दुसऱ्या महायुद्धात मधल्या ताकदीचे आखूड काडतूस केले, सोव्हिएत संघाने ७.६२×३९ आणि कलाश्निकोव्हची रायफल, अमेरिकेने पुढे ५.५६. पण ५.५६चा प्रवासही सरळ झाला नाही: व्हिएतनाममध्ये एम-१६ अडकू लागली, कारण काडतुसातील दारू बदलली होती, नळीच्या मागच्या कक्षाला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सफाईची साधने पुरेशी नव्हती. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली, आणि मग मुलामा आला. इथेही काडतूसच.

भारताने ५.५६च्या मार्गावर जाण्यासाठी १९८०च्या दशकात इन्सास, म्हणजे भारतीय लघुशस्त्र प्रणाली, आखायला घेतली. रायफल, हलकी मशिनगन आणि कार्बाइन ही एकाच कुटुंबातील भावंडे असावीत, सुटे भाग आणि प्रशिक्षण एकच असावे, असा तिचा आराखडा होता. ती १९९०च्या दशकात सैन्यात आली. तिची पेटी पारदर्शक प्लास्टिकची आहे, वीस गोळ्यांची; शिपायाला उरलेल्या गोळ्या दिसाव्यात, ही कल्पना चांगली होती. सलग गोळीबाराऐवजी तीन गोळ्यांची मालिका आहे, कारण घाबरलेल्या माणसाने चाप दाबून ठेवला तर पेटी दोन सेकंदांत रिकामी होते. १९९९च्या कारगिलच्या थंडीत याच प्लास्टिकच्या पेट्या तडकल्याच्या तक्रारी आल्या, तसेच तेल डोळ्यांकडे उडण्याच्याही. पारदर्शकतेसाठी निवडलेला पदार्थ बर्फात ठिसूळ ठरला. काचेमागे ती पेटी दिसली की तिच्यातील उरलेल्या गोळ्यांपेक्षा तिच्या कडेवरची जोडरेघ पाहावी. जिथे दोन भाग चिकटवलेले असतात तिथून तडा जातो, हे कोणत्याही प्लास्टिकच्या डब्यावरून कळेल.

इन्सासवर टीका करणारे खूप आहेत, आणि मी त्यांतील बऱ्याच तक्रारी खऱ्या मानतो. पण ज्या देशाने तोवर दुसऱ्याची रायफल मोजून बनवली होती त्याने पहिल्यांदा स्वतःच्या गरजेपासून सुरुवात केली, हे विसरू नये. सैन्य आपली गरज गुणवत्तेच्या लेखी मागणीत मांडते, रचनाकार प्रारूप करतात, ते वाळवंट, बर्फ, चिखल आणि सागरी दमटपणात तपासले जाते, मग पलटणीतील प्रत्यक्ष शिपायांच्या हातात दिले जाते, आणि त्यांच्या तक्रारींनंतरच कारखान्यात जाते. त्यातला एकही टप्पा घाईने ओलांडला की तक्रार कारखान्यात ऐकू येण्याऐवजी सीमेवर ऐकू येते. सध्या सैन्य ७.६२×५१च्या सिग-७१६ आणि अमेठीजवळच्या कोरव्यात बनणाऱ्या ७.६२×३९च्या एके-२०३ कडे गेले आहे. सिगच्या ७२,४०० रायफलींची पहिली खरेदी २०१९ची. म्हणजे मोठ्या गोळीकडे पुन्हा थोडे वळण. तेव्हा काडतुसांची पुठ्ठ्याची पट्टी जपून ठेवावी.

नोंद कशी लिहावी

शेवटी दालनात बसायला जागा मिळाली तर एकच रायफल निवडून तिच्यावर एक पान लिहावे. नाव लिहू नये, आधी जे डोळ्यांनी पाहिले ते लिहावे: कोणते काडतूस, किती गोळ्या, नळी आट्यांची की गुळगुळीत, बोल्ट पुढे पकडतो की मागे, खाच किती अंतरापर्यंत, लाकडावर किंवा लोखंडावर कोणती अक्षरे. प्रत्येक ओळीपुढे ‘कोणाच्या तक्रारीमुळे’ असे लिहून अंदाज नोंदवावा. अंदाज चुकला तरी घरी ताडून पाहता येतो. दस्त्याच्या टोकाला पितळी पाठ आणि तिच्यात छोटे झाकण असेल तर त्याची नोंद हमखास करावी. आत तेलाची बाटली आणि नळी साफ करण्याची दोरी असते, जिला लष्करात ‘फुल्थ्रू’ म्हणतात, आणि तिच्या टोकाला चिंधी बांधून नळीतून ओढतात. लाखांच्या संख्येने बनणाऱ्या वस्तूत एवढी जागा चिंधीसाठी राखली, ही रचनाकाराची समज मला फार आवडते.

नातीचे त्या दिवशीचे पान अजून माझ्याकडे आहे. तिने २-ए-१चे नाव लिहिले नव्हते. तिच्या ओळी अशा: ‘पेटी चौकोनी, बारा गोळ्या. खाच ८०० पर्यंत. सिंह आहे, मुकुट नाही. पुढे नळीखाली संगिनीची खुंटी आहे, संगीन नाही.’ शेवटच्या ओळीपुढे, तक्रारीच्या जागी, तिने प्रश्नचिन्ह काढले आहे. त्या खुंटीवर सतरा इंची पाते बसत असे की बारा इंची, ते पाहायला आम्ही पुढच्या फेरीत संगिनींच्या काचेपुढे थांबणार आहोत.